देवश्री नावाचं हितं कोण नाय

महाडच्या बँकेतल्या शुभदा मॅडमनी कॉम्प्युटरचा पडदा थोडा माझ्याकडे वळवला, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाल्या, "तुमचा काही इतिहासच नाही."

मला हसू आलं. रायगड किल्ला ज्या तालुक्यात आहे त्या तालुक्यात माझा जन्म. लग्न करून आले ती पोवाड्यात येणाऱ्या उमरठच्या अलीकडच्या वाडीत. आमच्याकडे पोराला बोलता यायला लागलं की पोवाडा शिकवतात, गॅदरिंगला मावळे कमी पडत नाहीत, शेला आणि तलवार घराघरात निघते. एवढ्या सगळ्या इतिहासात राहून माझा म्हणून काहीच नाही, हे पहिल्यांदाच कळत होतं.

मॅडम चांगल्या होत्या. मांडीवर दिशा चुळबुळत होती, तर तिला त्यांनी टेबलावरची स्टॅम्पची रिकामी डबी खेळायला दिली आणि मग मला नीट समजावलं. मी कधी कर्ज घेतलेलं नाही, कधी हप्ता भरलेला नाही, त्यामुळे मी पैसे फेडणारी आहे की बुडवणारी, हे बँकेला कळायला काही मार्ग नाही. मी म्हटलं, कधी घेतलेच नाहीत म्हणजे बुडवलेही नाहीत ना. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे हो, पण कॉम्प्युटरला ते पटत नाही."

मला कर्ज कशाला हवं होतं ते सांगते. मी पोलादपूरला एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे. रक्त काढते, तपासते. आमच्या बाजूच्या वाड्यांमधली म्हातारी माणसं साखर तपासायला उपाशीपोटी एसटीने येतात. गाडी उशिरा आली, की तशीच फाट्यावर बसून राहतात. आमच्या आत्याच एकदा लॅबच्या पायरीवर डोळ्यांपुढे अंधारी येऊन बसल्या होत्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात. त्या दिवशी त्यांना चहा पाजताना माझ्या मनात आलं, की आपल्या घराच्या रस्त्याकडच्या खोलीत रक्त घ्यायची सोय केली तर? माणसांनी घरून चालत यावं, रक्त द्यावं, घरी जाऊन भाकरी खावी. नमुने मी कामावर जाताना घेऊन जाईन. लॅबच्या डॉक्टरांना कल्पना आवडली होती. छोटा फ्रिज, रक्त फिरवायचं मशीन, एक खुर्ची, एवढंच लागणार होतं. पण ते स्वतःच्या नावावर, स्वतःच्या पगारावर घ्यायचं मी ठरवलं होतं.

मॅडमनी मार्ग सुचवला. पगार दर महिन्याला खात्यात येतो, तेव्हा आधी एक लहानसं क्रेडिट कार्ड घ्या. वर्षभर थोडं थोडं वापरा, तारखेच्या आत भरा. इतिहास तयार होईल. मग कर्जासाठी या, मी स्वतः बघेन.

राजेश, म्हणजे माझा नवरा, महाडच्या एमआयडीसीत आहे. तो म्हणाला, कशाला एवढा कुटाणा, माझ्याकडे कार्ड आहे, त्यावरच तुझ्या नावाचं दुसरं काढू. मी म्हटलं, त्याने इतिहास तुझा वाढेल. तो थोडा वेळ गाडीचा आरसा पुसत राहिला. "मग तुझंच काढ," म्हणाला, "पण मला पेट्रोलला देशील ना अधूनमधून?"

आत्यांना मात्र पहिल्यापासून ते कार्ड पटलेलं नव्हतं. त्यांच्या हिशेबाने ते उधारीचं कार्ड. वाडीतलं दुकान सोडलं तर त्यांनी जन्मात कुणाकडे काही लिहून ठेवायला लावलं नव्हतं, आणि दुकानाचंही भात निघालं की आधी फेडून टाकायच्या. मी त्यांना रस्त्याकडच्या खोलीचं सांगितलं. त्या ऐकत होत्या, दिशाच्या पायाला तेल चोळत होत्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, की म्हणजे मला गाडीसाठी फाट्यावर बसायला नको. मग ठीक.

अर्ज भरला. शुभदा मॅडमनी सांगितलं की बँकेचा माणूस पत्त्यावर येऊन चौकशी करेल, घाबरू नका, नेहमीचंच आहे. मी घरी सांगितलं, बँकेचा माणूस येणार आहे. आत्यांनी मान हलवली. बँकेचा माणूस म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांसमोर कुणी पँटशर्ट इस्त्री केलेला, चारचाकीतून उतरणारा माणूस आला असणार. आला तो धुळीने भरलेल्या मोटरसायकलवरून, पाठीला सॅक, डोक्याला रुमाल बांधलेला.

ते मला संध्याकाळी कळलं. मी कामावरून येऊन भाकऱ्या थापत होते, राजेश दिशाला घेऊन उंबऱ्यात बसला होता आणि आत्या मोठ्या खुशीत दिवसभराची बातमी सांगत होत्या.

"आज एक वसुलीवाला आलेला रे. मोबाईलवर कर्ज घेतात नि पळतात, त्यांना शोधणारा. खालच्या वाडीत नाय का आलेला, तसला. कोण देवश्री म्हणून बाय हाय, तिला शोधत होता. मी सांगितलं, देवश्री नावाचं हितं कोण नाय. आमच्या वाडीत असली बाय नाय. आमची माणसं कुणाचे बुडवत नायत."

माझा हात भाकरीवरच राहिला.

आत्यांची बातमी अजून संपली नव्हती. शेजारच्या सोनाबाईंनाही त्याने विचारलं होतं. सोनाबाईंनी, ती बाई असलीच तर नदीपलीकडे असेल, तिकडेच असले धंदे चालतात, असं सांगून त्याला पलीकडे जायचा रस्ताही दाखवला होता. त्याने बिचाऱ्याने पाणी मागितलं, तर आत्यांनी दिलं, पण दाराबाहेर, आणि तो वाकडा बघतोय की काय म्हणून दिशाला पदराखाली घेतलं होतं.

"आत्या," मी म्हटलं, "देवश्री म्हणजे मी."

राजेश आधी हसायला लागला. मग त्याने माझ्याकडे बघितलं आणि हसायचा थांबला. आत्यांनी एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. "तू अनू," त्या म्हणाल्या. जणू माझंच काही चुकत होतं.

तसं पाहिलं तर त्यांचंही बरोबर होतं. लग्नात ताटभर तांदळावर राजेशने अंगठीने माझं नवीन नाव लिहिलं, अनुपमा. त्याने आधी फोन करून मला विचारलंही होतं. मला ते नाव आवडलं होतं. नवीन घर, नवीन साडी, नवीन नाव, असंच वाटलं होतं तेव्हा. कागदपत्रांवरचं नाव बदलायला फार खटाटोप, म्हणून आधार, बँक, पगार सगळीकडे देवश्रीच राहिलं. कामावर मी देवश्री मॅडम, एसटीतून उतरले की अनू. मला याची इतकी सवय झाली होती की चौकशीला येणारा माणूस कुठलं नाव विचारेल, हे घरी सांगायचं मला सुचलंच नाही. तांदळाचं ताट आत गेलं त्या दिवसापासून या घरात देवश्री हा शब्द कुणी उच्चारलाच नव्हता.

त्या रात्री आत्या नीट जेवल्या नाहीत. मला त्यांचा राग आला होता का? थोडा आला होता. पण त्या दिशाला झोपवताना तिच्या कानाशी पुटपुटत होत्या, "देवशिरी. देवशिरी." अंगाईच्या चालीवर. मग कसला राग धरणार.

बँकेकडून मेसेज आला, की दिलेल्या पत्त्यावर अर्जदार आढळली नाही. मी रजा टाकून महाडला गेले. शुभदा मॅडमनी सगळं ऐकलं आणि चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसल्या. म्हणाल्या, माझंही लग्नानंतर नाव बदललंय, पण आम्ही महाडच्या बाजारपेठेत राहतो, तिथे माणसाला नावाने नाही, घरमालकाच्या नावाने ओळखतात. मग त्या कामाचं बोलल्या. चौकशी परत लावता येईल, पण एकदाच. या वेळीही तुम्ही सापडला नाहीत, तर अर्ज रद्द होईल, मग सहा महिने परत करता येणार नाही. आणि कार्डच लांबलं तर पुढचं कर्ज किती लांबेल, ते माझं मलाच कळत होतं. पुढच्या वर्षी पावसाळ्यानंतर खोली सुरू करायचं मी डॉक्टरांना सांगून बसले होते.

घरी आल्यावर मी आत्यांना एवढंच सांगितलं, की तो माणूस परत येणार आहे, आणि हे शेवटचं आहे.

झालं. दुसऱ्या दिवसापासून आत्यांनी वाडी हातात घेतली. नळावर, गिरणीत, देवळाच्या पारावर, जो भेटेल त्याला त्या सांगत सुटल्या, की आमची अनू म्हणजेच देवशिरी, कुणी विचारलं तर हो म्हणा. कोंबड्यांना दाणे टाकतानाही त्यांची उजळणी चाले. सोनाबाईंना तर त्यांनी एकदा चक्क परीक्षेला बसवलं. सोनाबाई तयारीच्या. त्यांना गंमत वाटायला लागली होती. मी सकाळी एसटीसाठी धावत निघाले की त्या घरामागच्या परड्यातून हाक मारत, "ओ देवशिरीबाय, पाणी सोडलंय, भरा नि जा." वाडीतली पोरं तर मला बघितलं की नाव घेऊन पळायची. राजेश रात्री जेवायला बसताना मुद्दाम पूर्ण नाव घ्यायचा, माझ्या वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, हजेरी घेतल्यासारखं. मी ओ द्यायचे.

मला सांगायला लाज वाटत नाही, ते दिवस फार छान होते. एवढ्या तोंडांतून, एवढ्या वेगवेगळ्या उच्चारांनी, माझं नाव रोज येत होतं. माझ्या आईनेसुद्धा ते इतक्यांदा कधी घेतलं नसेल.

तो माणूस आला तेव्हा मी लॅबमध्ये होते. त्या दिवसांत मी फोन ड्रॉवरमध्ये न ठेवता टेबलावरच ठेवत होते, अनोळखी नंबर आला तरी घ्यायचा असं ठरवून. एका आजोबांची शीर सापडत नव्हती, नुकती कुठे सापडली, आणि फोन वाजला. तो मी वाजू दिला. रक्त काढून, कापूस दाबून, आजोबांना हात दुमडून बसायला सांगितलं आणि मग फोन लावला.

त्याचं नाव सुनील. आवाजावरून पोरगेला वाटला, महाडचाच. तो म्हणाला, मॅडम, मी तुमच्या घरी आहे, मला यांनी नाचणीची भाकरी आणि सुकट खायला घातलीय, उठू देत नाहीत. तुम्ही इथे राहता हे मला सगळ्या वाडीने सांगितलंय. एका लहान पोराने तर मी न विचारताच सांगितलं.

"मग झालं ना?" मी विचारलं.

"होतच आलं होतं. पण घरातल्या एका माणसाचं नाव लिहावं लागतं, ओळख पटवणारं. तुम्ही अर्जात सासूबाईंचं नाव चंद्राबाई लिहिलंय. इथल्या आजी म्हणतात मी सासू, पण नाव विचारलं तर म्हणाल्या गोदू. मी परत विचारलं तर त्यांनी आणखी एक भाकरी वाढली. आणि शेजारच्या बाई म्हणतात, गोदू नावाचं हितं कोण नाय."

मला पलीकडून सोनाबाईंचा आवाज ऐकू येत होता. त्या आपली बाजू ठामपणे मांडत होत्या. चाळीस वर्षं शेजारी राहतात, गोदू कोण ते त्यांना माहीत असतं तर त्यांनी सांगितलं नसतं का.

सुनील म्हणाला, "मॅडम, वाईट वाटून घेऊ नका, पण गेल्या खेपेला देवश्री नव्हती, आता सगळे म्हणतात आहे, आणि आजींचंच नाव जुळत नाही. मी काय लिहू सांगा."

मला गोदू कोण ते माहीत नव्हतं. आत्यांच्या हाताखाली मी भाकरी शिकले, त्यांच्या मांडीवर माझी लेक वाढतेय, आणि त्या लग्नाआधी कोण होत्या हे मी कधी विचारलं नव्हतं. हे त्यांचं माहेरचं नाव असेल असं मनात आलं, पण अंदाजाने हो म्हणून चालणार नव्हतं. चुकलं असतं तर गेलंच होतं सगळं. मी त्याला म्हटलं, जरा आत्यांना फोन द्या.

फोनमध्ये आधी दिशाची कुरकुर ऐकू आली.

"आत्या, गोदू कोण?"

"मीच गो," त्या हळू म्हणाल्या. "बापानं ठेवलेलं. तुजं नाव पाठ करता करता माजं कसं तोंडात आलं, मला कळलंच नाय. आता काय हुईल गो? घालवलं का मी तुजं परत?"

"नाही घालवलं," मी म्हटलं. "तुमचं आधार कार्ड कुठे आहे?"

ते ट्रंकेत होतं. त्यांना ते बाहेर काढायला बराच वेळ लागला. आजोबा अजून हात दुमडूनच बसले होते, त्यांनी मला खुणेने विचारलं, सोडू का? मी त्यांना नाही म्हटलं, का कोण जाणे. मग सुनील परत फोनवर आला. त्याने कार्ड बघितलं होतं. फोटो आजींचा, नाव चंद्राबाई, पत्ता तोच. मी त्याला सांगितलं, गोदू त्यांचं माहेरचं नाव, चंद्राबाई सासरचं. माझं उलटं, माझं माहेरचं कागदावर आहे आणि सासरचं तोंडात. माणसं दोनच आहेत, नावं चार.

तो हसला. "माझ्या आईला विचारतो घरी जाऊन," म्हणाला. "तिचं काय होतं ते मला पण ठाऊक नाही." आणि, जुळतं असं लिहितो, असं सांगून त्याने फोन ठेवला. मी आजोबांना म्हटलं, सोडा हात.

संध्याकाळी घरी गेले तर आत्या माझ्याशी धड बोलेनात. अपराध्यासारख्या चुलीशीच काहीबाही करत राहिल्या. सुनीलने काम झालंय म्हणून सांगितलं होतं, पण त्यांचा त्यावर विश्वास बसत नव्हता. गेल्या खेपेलाही तो पाणी पिऊन हसत हसतच गेला होता, त्या म्हणाल्या. राजेशने समजावून पाहिलं. शेवटी मीही नाद सोडला. फोन मात्र उशाशी घेऊनच झोपले.

मेसेज रविवारी आला. मी अंगणात दिशाला न्हाऊ घालायच्या तयारीत होते, आत्या पाटावर बसून तिला तेल लावत होत्या, बादलीत कढत पाणी विसणून ठेवलं होतं. फोन तुळशीच्या कट्ट्यावर होता. ओल्या हातानेच उघडला. कार्ड मंजूर झालं होतं, आठवड्याभरात पोस्टाने येणार होतं. मी तो आत्यांना मोठ्याने वाचून दाखवला.

"नाव काय लिवलंय?"

"देवश्री."

"मंजी नक्की मिळालं."

"नक्की."

आत्यांनी दिशाच्या पोटावर हात फिरवला, तिला उताणी केली, पालथी केली, आणि मग हातातलं काम न थांबवता सांगत गेल्या. वर डोंगरातलं त्यांचं माहेर. सहा भावांच्या पाठीवरची ही एकटी. बाप गुरं घेऊन परत आला की खालच्या वळणावरूनच हाक मारायचा, गोदूऽऽ, आणि घरात चूल पेटायची. लग्नात नाव बदललं. बाप भेटायला आला तेव्हा इथल्या माणसांसमोर हाक मारताना त्याची जीभ अडखळली. चंद्रा म्हणायला त्याला जमेना, गोदू म्हणायला धजेना, म्हणून तो नुसतंच "अगं" म्हणाला. बाप वारला, मागाहून भाऊही गेले, मग ते नाव घेणारं कुणी उरलं नव्हतं. आता सोनाबाईने तर साऱ्या वाडीसमोर सांगून टाकलं, की असं कोण नाहीच.

हे शेवटचं सांगताना त्यांना हसू आलं. मलाही आलं.

"मी म्हणू का तुम्हाला गोदूआत्या?" मी विचारलं. "घरातल्या घरात."

"चल. लोकं हसतील."

"हसू देत की. माझ्या नावाला हसलेच की महिनाभर."

त्यांनी तेलाची वाटी बाजूला सरकवली, दिशाला उचलून माझ्या पसरलेल्या पायांवर नीट निजवलं, तिची मान माझ्या पावलांपाशी आली का ते बघितलं, आणि तांब्या माझ्या हातात दिला.

"घाल पाणी पोरीला," म्हणाल्या. "निवून जाईल. नि म्हणायचं तर हळू म्हण. सोनाबाय परड्यातच हाय."